छातीतलं पाणी आणि निळा दगड

दक्षिण आफ्रिकेतलं किंबर्ली हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध. 1950च्या दशकात तिथल्या टीबी रुग्णालयात डॉ. ख्रिस स्लेग्ज यांना एक गोष्ट खटकत होती. टीबीची नवी औषधं हाताशी आली होती आणि छातीत पाणी झालेले बरेच रुग्ण त्या औषधांनी सुधारत होते. शहराच्या पश्चिमेकडून येणाऱ्या काहींना मात्र काही केल्या गुण येत नव्हता. पाणी काढावं तर ते पुन्हा भरायचं. दम वाढायचा, वजन उतरायचं आणि माणूस हातचा जायचा.

पश्चिमेला डोंगररांग होती आणि तिचं नावच अ‍ॅस्बेस्टॉस हिल्स. त्या खडकात निळसर, रेशमासारखे धागे सापडतात. हा निळा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजेच क्रोसिडोलाइट. आग, आम्ल, गंज, कशालाच तो दाद देत नाही, म्हणून बॉयलरपासून जहाजांपर्यंत सगळीकडे त्याला मागणी. खडक फोडून धागे वेगळे करायचं काम बायका आणि मुलंही हातोडीनं करत. उरलेल्या चुऱ्याच्या ढिगांवर पोरं खेळत.

1956 साली ख्रिस वॅग्नर या तरुण विकृतिशास्त्रज्ञानं (पॅथॉलॉजिस्टनं) एका खाण कामगाराचं शवविच्छेदन केलं. टीबीचा संशय होता. निघाला फुप्फुसावरणाचा दुर्मिळ कर्करोग, मेसोथेलिओमा. मग वॅग्नर, स्लेग्ज आणि शल्यचिकित्सक पॉल मार्शां या तिघांनी अशा रुग्णांचा पूर्वेतिहास खणून काढला. आज कुठे काम करता, एवढं विचारून भागत नव्हतं. जन्म कुठला, लहानपण कुठे गेलं, इथपर्यंत जावं लागलं. 1960 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात 33 रुग्ण होते, वयं 31 ते 68. एक वगळता सगळ्यांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी ना कधी संबंध आला असावा असं दिसलं.

त्या निबंधातला मला सगळ्यात बोलका वाटणारा आकडा वेगळाच आहे. 33 जणांत 11 बायका होत्या. यातल्या अनेक रुग्णांनी, बायका काय नि पुरुष काय, खाणीत कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं. त्या डोंगरांच्या कुशीत ते वाढले, मग गाव सोडलं, संसार केले, आणि पुढे कित्येक वर्षांनी दुखणं उपटलं. धुळीत जाणं आणि आजार दिसणं यांत साधारण 20 ते 50 वर्षं जातात. म्हणूनच हा संबंध इतका उशिरा लक्षात आला, आणि म्हणूनच बंदी घातली तरी आजार लगेच थांबत नाही. ब्रिटननं 1999 साली अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर पूर्ण बंद केला. तरीही 2010च्या दशकात तिथे मेसोथेलिओमानं दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसं मरत होती.

एवढी वर्षं तो धागा शरीरात करतो तरी काय? श्वासातून आत गेलेली साधी धूळ आपल्या भक्षक पेशी गिळतात आणि बाहेर काढतात. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा केसापेक्षा कितीतरी बारीक, पण पेशीच्या मानानं लांब. तो पूर्ण गिळता येत नाही. धोतरात अडकलेल्या कुसळासारखा तो पुढे सरकतो, मागे येत नाही. त्याला गिळू पाहणारी पेशी अर्ध्यावरच मरते, तिच्यातली दाहक द्रव्यं सांडतात, दुसरी पेशी धावून येते, तिचंही तेच होतं. काही धागे फुप्फुस ओलांडून छातीच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचतात. तिथला द्रव ज्या सूक्ष्म छिद्रांतून निचरतो, त्यांच्यापाशी लांब धागे अडकून राहतात. वर्षानुवर्षं दाह चालू राहतो, डीएनएची मोडतोड साचत जाते आणि कधीतरी एखादी पेशी ताळतंत्र सोडते.

ही गाठ सहसा एका जागी गोळा होऊन वाढत नाही, सालीसारखी फुप्फुसाभोवती पसरते. त्यामुळे एक्स-रेत अनेकदा नुसतं पाणीच दिसतं आणि शस्त्रक्रियेनं ती मुळासकट काढणं फार कठीण जातं. पोटाच्या आतल्या अस्तरातही हा कर्करोग होतो, पण कमी. सिगारेटचा मेसोथेलिओमाशी संबंध नाही. मात्र अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. तो आजार वेगळा.

किंबर्लीची गोष्ट आपल्याकडे लागू पडते ती टीबीमुळे. छातीत पाणी झालं की आपल्या डॉक्टरांच्या मनातही आधी टीबी येतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण टीबीच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल, पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा कर्करोग निसटू शकतो. अशा वेळी रुग्णानं तरुणपणीची कामंही सांगायला हवीत: गिरणीतला बॉयलर, जहाजतोडणी, ब्रेक लायनिंग, पत्र्यांचा कारखाना.

आपल्याकडचे सिमेंटचे पत्रे बहुतेक पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे. तो निळ्याइतका घातक नाही, असा उद्योगाचा युक्तिवाद असतो. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा जास्त घातक हे खरंच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सगळेच प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत, त्यामुळे हा युक्तिवाद मला पटत नाही. डोक्यावरचा धड पत्रा फारशी धूळ सोडत नाही. तो कापताना, भोक पाडताना, फोडताना धागे उडतात. पत्रे उतरवायचेच असतील तर पाणी मारून, न मोडता उतरवावेत आणि नंतर कोरडा झाडू मारू नये.

उपचार सुधारले आहेत, पण मर्यादित. 2004 पासून पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही औषधांची जोडी वापरली जाते. 2020 मध्ये अमेरिकेत दोन इम्युनोथेरपी औषधांच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांच्या, एकत्रित वापराला मान्यता मिळाली. त्यानं आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. बरे होणारे विरळाच.

1995 साली सर्वोच्च न्यायालयानं अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तिथपर्यंत ठेवावी. न्यायालयानं या आजाराचा कालावधी नेमका ओळखला होता. पण पाडकामावर रोजंदारीनं पत्रे फोडणाऱ्याची नोंद अशा कुठल्याच कारखान्याच्या दप्तरात नसते.