पंधरावा सेंटिमीटर

गेल्या पौषात, दर्यापूर तालुक्यात माझ्या बहिणीच्या अंगणात, रात्री दोनच्या सुमारास उभ्या गाडीतून ‘टण्ण’ असा आवाज आला. गाडी संध्याकाळपासून जागची हललेली नव्हती. सकाळी पाहिलं तर पुढची डावी बाजू दोन बोटं खाली बसलेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “गाडीले कोनाची तरी नजर लागली, बाप्पा.” दुपारपर्यंत नवी लिंबू-मिरची टांगून झाली, नारळही फुटला. चाकामागे वाकून मात्र कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा तुटून पडला होता. तुटलेल्या तोंडाचा एक कोपरा तपकिरी, गंजलेला होता. उरलेला भाग चांदीसारखा चकचकीत. म्हणजे तडा कित्येक महिने जुना होता, त्या रात्री फक्त शेवटचा भाग तुटला.

गाडी उभी असताना स्प्रिंग तुटलीच कशी, हा प्रश्न रास्त आहे. पण उभ्या गाडीचंही वजन स्प्रिंगवरच असतं. ती रात्रभर राबतच असते. शिवाय आमचा भाग खारपाण पट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारट, आणि गाडी धुवायला तेच. पाऊसकाळात काळी माती स्प्रिंगच्या खालच्या वाटीत चिकटून बसते आणि तिच्यातली ओल दिवसचे दिवस सुटत नाही. त्यात मीठ असलं की लोखंड भराभर गंजतं. गंजताना हायड्रोजन सुटतो, तो स्प्रिंगच्या कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. मग तडा हळूहळू पुढे सरकत राहतो, आणि तो कधी पार होईल याला गाडी चालू असण्याशी काही घेणंदेणं नसतं. नजरेचा दोष काढण्यात गेलेल्या वेळात वाटीतली माती धुऊन झाली असती.

माझ्या भाच्याला दुसरीच घाई होती. “मामा, मोबाइलवर पाहिलं मी, दोन तासांचं काम हाय. घरीच बदलतो.” त्याचा उत्साह मला आवडतो, पण या एका कामाच्या आधी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. तेच इथे मांडतो.

स्प्रिंग दाबली की तिची तार वाकते, असं बहुतेकांना वाटतं. तार वाकत नाही, पिळली जाते. वजन वेटोळ्याच्या मधोमध येतं आणि तार त्या मध्यापासून त्रिज्येइतकी लांब असते. म्हणून तारेच्या प्रत्येक छेदावर वजन गुणिले त्रिज्या एवढा पीळ पडतो. एका चाकावर 300 किलो आणि त्रिज्या 7 सेंटिमीटर धरा. तो पीळ म्हणजे 70 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला 30 किलोचं पोतं टांगल्यासारखा. म्हणजे स्प्रिंग ही गुंडाळून ठेवलेली एक लांब सळई आहे, आणि गाडी तिला पिळत बसलेली आहे.

पिळलेल्या सळईचा गाभा निवांत असतो. सगळ्यात जास्त ताण येतो तो पृष्ठभागावर. म्हणूनच कारखान्यात तारेच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून तो आतून दाबलेल्या अवस्थेत ठेवतात, म्हणजे तडा सहज उघडत नाही. वर रंगाचा जाड लेप देतात. खड्ड्यातला एक खडा उडून तो लेप टवका होऊन निघाला, की गंज नेमका जास्तीत जास्त ताणाच्या जागी शिरतो. जाडीचा हिशोब तर फारच कडक आहे. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर, वेटोळ्याच्या व्यासाच्या व्यस्त घनावर आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्तावर ठरतो. 12 मिलिमीटरची तार सगळीकडून गंजून 11 ची झाली, तर ताठरपणा सुमारे 30 टक्क्यांनी घटतो आणि पृष्ठभागावरचा ताण जवळपास तेवढाच वाढतो. वेढे कमी केले की उलट स्प्रिंग कडक होते. गाडी बुटकी दिसावी म्हणून ग्राइंडरने वेढा कापणारे, किंवा वेढ्यांच्या मधे रबरी बफर कोंबून ‘गाडी उंच होते, सस्पेन्शन जन्मभर टिकतं’ म्हणून विकणारे, हे सांगत नाहीत. बफरने वेढे अडले की उरलेल्या तारेलाच सगळा पीळ सोसावा लागतो.

आता खरी गंमत. रॉबर्ट हूकने 1676 साली आपला शोध अक्षरांची सरमिसळ करून कोड्यात छापला आणि 1678 मध्ये उकल दिली: जेवढं ताणाल, तेवढं बल. दुप्पट दाबा, दुप्पट जोर लागेल. शाळेत आपण इथेच थांबतो. ऊर्जेचं काय?

भाच्याच्या कागदावर आम्ही एक साधी स्प्रिंग घेतली: तार 12 मिलिमीटर, वेटोळ्याचा व्यास 14 सेंटिमीटर, काम करणारे वेढे पाच. सूत्रात घातलं की दर मिलिमीटरला साधारण 15 न्यूटन, म्हणजे दीड किलो. पहिला सेंटिमीटर दाबायला पाऊण ज्यूल लागतो. त्याला आपण ‘एक वाटा’ म्हणू. दुसरा सेंटिमीटर दाबताना स्प्रिंग आधीच उलट ढकलत असते, म्हणून तीन वाटे लागतात. तिसऱ्याला पाच, चौथ्याला सात. विषम संख्यांची ओळच ती! त्यांची बेरीज करत जा: 1, 4, 9, 16. दरवेळी वर्गसंख्या. दहा सेंटिमीटरला शंभर वाटे, पंधराला सव्वादोनशे. एकट्या पंधराव्या सेंटिमीटरमध्ये 29 वाटे, म्हणजे पहिल्याच्या एकोणतीस पट. मी हे फळ्यावर किती वेळा मांडलं असेन याची गणती नाही, आणि तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

सव्वादोनशे वाटे म्हणजे सुमारे 169 ज्यूल. आपल्या उमेश यादवने ताशी 140 किलोमीटरने टाकलेल्या चेंडूत जेमतेम 120 असतात. आणि तो चेंडू निदान दिसतो तरी. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ही सगळी ऊर्जा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास बाहेर पडते. समोर किलोभराचं माउंटिंग, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावरचा तिला गाडीला जोडणारा भाग, असेल तर ते ताशी साठ किलोमीटरच्या घरात वेगाने उडू शकतं. हीच ऊर्जा स्प्रिंग दाबायच्या अवजाराच्या आट्यांच्या दांड्यावरून पाच मिनिटांत सावकाश उतरवली, तर हाताला जाणवतसुद्धा नाही. धोका नेमका इथेच आहे. आटे म्हणजे गुंडाळलेला उतार. पंधराव्या सेंटिमीटरलाही पाना हलकाच फिरतो, त्यामुळे मधे किती साठलंय हे हाताला कळत नाही.

चाक हवेत लोंबकळत असलं तरी पुढची स्प्रिंग मोकळी झालेली नसते. आमच्या उदाहरणात जमिनीवर ती 20 सेंटिमीटर दबलेली, लोंबकळताना 12. म्हणजे तेव्हाही 180 किलो जोर लावून बसलेली. पुढे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब असतो, तो स्ट्रट. बॉनेट उघडल्यावर स्ट्रटच्या डोक्यावर कडेने दोन-तीन नट दिसतात आणि मधोमध एक. चाक लोंबकळत असताना कडेचे नट काढले तर अख्खा स्ट्रट सुटतो, पण स्प्रिंग बांधलेलीच राहते. मधला नट काढला तर स्प्रिंग सुटते. हा एकच फरक भाच्याला तीनदा म्हणायला लावला.

माझं मत स्पष्ट आहे. पुढचा स्ट्रट घरी उतरवा, मधल्या नटाला हात न लावता, आणि तालुक्याला जिथे भिंतीत पक्का बसवलेला स्प्रिंग दाबायचा सांगाडा असेल तिथे नेऊन स्प्रिंग बदलून आणा. एका गॅरेजमध्ये दोरीने बांधून उघडलेली स्प्रिंग छताच्या पत्र्यातून बाहेर गेलेली मी पाहिली आहे. दोरी ताणते, गाठ सरकते. आट्यांच्या दांड्यांवरच्या हुकांचा जोड वापरायचाच असेल, तर दोन्ही हुक समोरासमोर लावा, जास्तीत जास्त वेढे पकडा, आट्यांना ग्रीस द्या आणि दोन्हीकडे आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळा, हवेच्या गनने नव्हे, हातपान्याने. स्प्रिंग वाटीत हाताने फिरेल इतकी सैल झाल्याशिवाय मधला नट सोडायचा नाही. तोंड, छाती कधीच स्प्रिंगच्या टोकासमोर नको.

मागची बाजू बऱ्याच छोट्या गाड्यांत सोपी असते. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे असतात. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली जॅक धरून शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा, की स्प्रिंग सैल होऊन हातात येते. ब्रेकचा पाइप मात्र ताणू द्यायचा नाही.

अंगणातल्या काळ्या मातीवर जॅक कधीच नको. ओली असली तर तो रुततो, वाळली की खाली भेगा. सिमेंटचा ओटा शोधा, नाहीतर जाड सागवानी फळी घाला. गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. विटा रचून तर मुळीच नाही, त्या भरकन फुटतात. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवा.

भाच्याने दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग बदलल्या, कारण उजवीही तेवढीच जुनी होती. मधले नट नवे घेतले. रबरी बुशांचे, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळले, कारण लोंबकळत्या स्थितीत आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग अमरावतीला जाऊन अलाइनमेंट करून आणली. आता पावसाळाभर तो दर पंधरवड्याला पागोळीचं पाणी बादलीत धरतो आणि चारही वाट्यांतली माती त्याच पाण्याने धुतो.