चेनसॉचा सिरीयल नंबर आणि मॉडेलची ओळख

चेनसॉ म्हणजे आपल्याकडे ज्याला पेट्रोल करवत नाहीतर नुसतंच कटर मशीन म्हणतात ते. त्याच्यावरचे नंबर वाचून मॉडेल, बनल्याचं साल, सीसी आणि लागणारे पार्ट शोधून काढायची ही पद्धत. जुनं मशीन घेताना, पिस्टन-रिंग मागवताना किंवा मशीन चोरीला गेल्यावर तक्रार देताना हिची गरज पडते. आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, सिरीयल नंबर आणि मॉडेल नंबर एक नाही. सिरीयल नंबर त्या एका मशीनचा असतो, मॉडेल हजारो मशीनचं एकच असतं, आणि सिरीयलमधून काय कळणार हे कंपनीवर अवलंबून असतं.

सगळ्यात जास्त घोळ श्टीलच्या मशीनमध्ये होतो. ही जर्मन कंपनी आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली स्टुटगार्टला सुरू केली. यांचा सिरीयल नऊ आकडी असतो आणि त्यात मॉडेलही नसतं, सालही नसतं. पहिल्या आकड्यावरून कारखान्याचा देश कळतो, म्हणजे १ असेल तर जर्मनी, २ असेल तर अमेरिका, बाकीचं डीलरच्या कॉम्प्युटरवरच बघावं लागतं. मग घरी बसून मॉडेल कसं काढायचं, तर पार्ट नंबरवरून. श्टीलचा पार्ट नंबर अकरा आकडी, चार-तीन-चार असा तोडलेला, आणि पहिले चार आकडे मशीनच्या घराण्याचे असतात. ११३० म्हणजे ०१७, ०१८, एमएस १७०, एमएस १८० ही मॉडेल. ११२३ म्हणजे ०२१, ०२३, ०२५ आणि त्यांचे पुढचे एमएस २१०, २३०, २५०. ११२८ म्हणजे ०४४, ०४६, एमएस ४४०, ४६०. ११०६ म्हणजे लाकडाच्या वखारीत दिसणारं जुनं धूड ०७०, १०५.७ सीसीचं. हे आकडे बॉडीच्या पार्टवर उठावाने ओतलेले असतात, त्यामुळे स्टिकर उडालं तरी ते राहतात. भुसा आणि तेलाचा थर इतका घट्ट बसलेला असतो की नुसतं फडकं मारून काही दिसत नाही, जुना टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून घासायचं, ते पूर्ण सुकू द्यायचं, मग टॉर्च समोरून न मारता बाजूने आडवा धरायचा, म्हणजे आकड्यांची सावली पडते आणि ३ की ८ हा वाद मिटतो. तरीही वाचता आलं नाही तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवायची.

पण घराणं कळलं म्हणजे मॉडेल कळलं असं नाही, आणि इथेच पैसे जातात. ११२७ मध्ये एमएस २९०, ३१० आणि ३९० अशी तीन मशीन आहेत, बाहेरून सारखीच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, तिन्हींचा ३४ मिमी, फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा, अनुक्रमे ४६, ४७ आणि ४९ मिमी, म्हणजे ५६.५, ५९ आणि ६४.१ सीसी. मी सेकंडहँड घेतलेल्या मशीनच्या कव्हरवर ३९० लिहिलेलं होतं, त्यावर विश्वास ठेवून ४९ चं पिस्टन किट मागवलं, इंजिन उघडलं तर आत ४६ चा पिस्टन, कव्हर कोणीतरी दुसऱ्या मशीनचं बसवलेलं. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि किट परत गेलं नाही. तेव्हापासून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावल्याशिवाय पिस्टन मागवत नाही. हिशोब सोपा आहे, बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये, गुणिले ०.७८५४, की सीसी आले. एमएस १७० चा बोअर ३७ आणि १८० चा ३८, स्ट्रोक दोघांचा २८, करून बघा, ३०.१ आणि ३१.८ येतील.

श्टीलच्या नावातल्या आकड्यावरून सीसी काढायला जाऊ नये, एमएस २५० हे ४५.४ सीसीचं आहे. एमएस म्हणजे जर्मनमध्ये मोटरची करवत, २००० च्या आसपास ०२६ चं एमएस २६० असं नाव बदललं. आकड्यानंतर टी असेल तर झाडावर चढून वापरायचं वरच्या हँडलचं मशीन, एम असेल तर कार्बोरेटर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप सेट होतं.

हुस्कवर्ना या स्वीडिश कंपनीचं बरंचसं उलटं आहे. यांचा सिरीयल तारीख सांगतो. नवा नंबर अकरा आकडी, पहिले चार साल, पुढचे दोन आठवडा, उरलेले पाच क्रमांक, म्हणजे २०१३१५ ने सुरू झाला तर २०१३ चा पंधरावा आठवडा. जुन्या सात आकडी नंबरमध्ये सालाचा एकच आकडा असतो, त्यामुळे ३ म्हणजे १९७३ की १९८३ हे ते मॉडेल कधी बनत होतं त्यावरून ठरवायचं. मॉडेलचे शेवटचे दोन आकडे साधारण सीसी असतात, ५५० एक्सपी ५०.१ आणि ३७२ एक्सपी ७०.७ सीसी, अगदी तंतोतंत धरू नका.

अमेरिकेतल्या जुन्या मशीनची तऱ्हा वेगळी. होमलाइट कंपनीच्या मशीनवर यूटी ने सुरू होणारा नंबर मॉडेलचं काम करतो, सिअर्सच्या क्राफ्ट्समन मशीनवर ३५८ ने सुरुवात असेल तर मशीन खरं पोलन या दुसऱ्या कंपनीने बनवलेलं असतं, मग पार्ट पोलनचे शोधायचे.

चेनची माहिती मात्र सिरीयलमध्ये कुठेच मिळत नाही, कारण बार, म्हणजे चेन ज्यावरून फिरते ती लांब पट्टी, आणि चेन मालकाने कधीही बदललेले असू शकतात. ती बारवरच वाचायची, पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दाताची जाडी) आणि खालच्या दातांची संख्या तिथे कोरलेली असते. श्टीलच्या चेनवर खालच्या दातावर ३ असेल तर गेज १.३ मिमी, ५ असेल तर १.५ आणि ६ असेल तर १.६.

बाजारातल्या चायनीज मशीनवर, त्यात ०७० च्या नकला भरपूर, नंबर असला तरी त्यामागे कसलीच नोंद सापडत नाही, तिथे मोजमापच खरं. आणि नंबर ग्राइंडरने घासलेला दिसला तर ते मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नये. आपल्या मशीनच्या नंबरचा फोटो बिलासोबत ठेवावा, नवीन असतानाच काढावा, नंतर तो भुशाखाली जातो.