झोपण्यापूर्वी ॲपल सायडर व्हिनेगर

रात्री झोपण्याआधी एक-दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून पिण्याचा घरगुती प्रघात. सकाळची उपाशीपोटीची रक्तातील साखर कमी यावी, वजन उतरावे, पोट साफ राहावे अशा अपेक्षेने ते घेतले जाते. साखरेबाबत थोडा पुरावा आहे, वजनाबाबत त्याहून कमी. शरीरातील ‘विषद्रव्ये’ निघून जातात या दाव्याला आधार नाही.

सफरचंदाच्या रसातील साखरेचे यीस्टमुळे अल्कोहोल होते आणि ॲसिटोबॅक्टर जिवाणू त्याचे ॲसिटिक आम्ल करतात. बाटलीत हे आम्ल साधारण ५ टक्के असते, सामू (pH) २.५ ते ३. तळाशी दिसणारा गढूळ, तंतुमय साका म्हणजे ‘मदर’: सेल्युलोज आणि जिवाणू. औषधी गुण त्यातच असतो, असे सिद्ध झालेले नाही. साखरेवरचा परिणाम मुख्यतः ॲसिटिक आम्लाचाच मानला जातो. तेव्हा सफरचंदाच्या नावासाठी मोजलेल्या जादा पैशांचा त्यात वाटा किती, हा प्रश्नच आहे.

झोपण्याच्याच वेळेचा आग्रह आला तो २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या एका छोट्या चाचणीमुळे. इन्सुलिन न घेणाऱ्या, टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना दोन दिवस झोपताना दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चीजचा लहान तुकडा दिला गेला. उपाशीपोटीची साखर सरासरी ४ टक्के उतरली. व्हिनेगरऐवजी पाणी घेतल्यावर २ टक्के. ज्यांची साखर आधीच १३० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर होती त्यांच्यात घट सुमारे ६ टक्के होती, म्हणजे १४०ची १३२च्या आसपास. पहाटे यकृत रक्तात ग्लुकोज सोडते, त्यावर आम्लाचा परिणाम होत असावा, असा संशोधकांचा तर्क होता. ११ माणसे आणि दोन दिवस एवढ्यावर रोजची सवय उभी करणे धाडसाचेच.

भात, पाव असे पिष्टमय पदार्थ खाताना घेतलेल्या व्हिनेगरचा पुरावा याहून बरा आहे. जठर उशिरा रिकामे होते, त्यामुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. झोपताना हा फायदा मिळत नाही. उलट आडवे झाल्यावर आम्ल अन्ननलिकेत वर येते आणि झोपेत लाळ कमी सुटत असल्याने दातांवरचे आम्ल धुतले जात नाही. थोडक्यात, पुरावा तोकडा आणि धोका जास्त अशी ही वेळ आहे.

तरी घ्यायचेच असेल तर सुरुवात चहाच्या एका चमच्याने, म्हणजे ५ मिलिलिटरने करावी. एका दिवसात १५, फार तर ३० मिलिलिटर. तेही पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाण्यात. नुसते कधीही पिऊ नये, घसा आणि अन्ननलिका भाजते. मध घातल्याने आम्लता फारशी कमी होत नाही, साखर मात्र वाढते. रात्रीच्या जेवणासोबत किंवा लगेच नंतर स्ट्रॉने प्यावे, साध्या पाण्याने चूळ भरावी आणि किमान अर्धा तास ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ पडलेले इनॅमल, म्हणजे दातांवरचे कठीण आवरण, घासले जाते. ब्रश करून मग व्हिनेगर पिऊन झोपणे हा सर्वांत वाईट क्रम. पिणे आणि आडवे होणे यांत दोन-तीन तास जावेत.

पित्त वर येणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे जठर मंदावलेल्यांनी हे टाळावे. स्वीडनमधील एका चाचणीत अशा १० रुग्णांत रोज ३० मिलिलिटरने जठर आणखी मंदावले. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्री फार उतरू शकते आणि झोपेत ते कळत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असल्यास पोटॅशियम घटण्याची भीती असते. डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ऑस्ट्रियात काही वर्षे रोज सुमारे २५० मिलिलिटर पिणाऱ्या एका तरुणीत पोटॅशियम घटलेले आणि हाडे ठिसूळ झालेली आढळली होती.

वजनाबाबत २००९ च्या जपानी चाचणीत १२ आठवड्यांत एक ते दोन किलो उतरले, पण व्हिनेगर बंद होताच परत चढू लागले. २०२४ मध्ये गाजलेला लेबनॉनचा अभ्यास तर आकडेवारीतील विसंगतींमुळे २०२५ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. त्यातले आकडे समाजमाध्यमांवर अजून फिरतात.