परीक्षक खेळाडूंची निवड (ऑनलाइन खेळ)

ऑनलाइन खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी, तो अर्धवट तयार असतानाच बाहेरच्या खेळाडूंकडून खेळवून घेतला जातो. या चाचणीसाठी कोणाला बोलवायचे आणि कोणाला पुढच्या फेरीसाठी राखून ठेवायचे, हे ठरवण्याच्या कामाला परीक्षक खेळाडूंची निवड म्हणतात. एकट्याने खेळायच्या खेळातील बरेचसे दोष पगारी परीक्षकांच्या हाती लागतात. पण जिथे शेकडो अनोळखी माणसे एकाच सर्व्हरवर व्यापार करतात, लढतात आणि एकमेकांना फसवतातही, तिथे खेळ कसा वागेल हे माणसे आत आल्याशिवाय कळत नाही.

‘अल्टिमा ऑनलाइन’ या बहुखेळाडू ऑनलाइन खेळाची १९९७ मधील चाचणी याचे ठळक उदाहरण आहे. निर्मात्यांनी तिच्यात एकमेकांवर जगणाऱ्या वनस्पती, हरणे आणि लांडगे यांची सृष्टी उभारली होती. खेळाडूंनी आत शिरताच दिसेल तो प्राणी मारला आणि ती सगळी साखळी कोलमडली. त्याच वर्षी ऑगस्टमधील चाचणीत, निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः चालवत असलेले ‘लॉर्ड ब्रिटिश’ हे अजिंक्य पात्र एका खेळाडूने आगीच्या मंत्राने ठार केले. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्या पात्राचे अजिंक्यपण चालू करायचे राहून गेले होते. निर्मात्याच्या मनाप्रमाणे खेळणारी आज्ञाधारक मंडळीच बोलावली असती, तर या दोन्ही गोष्टी उघडकीस आल्या नसत्या.

निवडीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे सर्वांत उत्साही चाहत्यांनाच आत घेणे. त्यांचे अर्ज आधी येतात, लांबलचक असतात आणि वाचायला सुखावतात. परंतु ज्याने अशा प्रकारच्या खेळांत हजारो तास घालवले आहेत, त्याला गोंधळात टाकणारा मेनू खटकतच नाही, कारण त्याची बोटे सवयीने योग्य जागी जातात. त्याच पडद्यासमोर नवखा खेळाडू बसला, तर तो कोपऱ्यातली सूचना न पाहता बंद दारासमोर दोन मिनिटे उभा राहतो आणि दोष आपलाच आहे असे समजून गप्प बसतो. अशा नवखेपणाचा उपयोग एकदाच होतो. म्हणून या व्यवसायात त्या पद्धतीला कागदी रुमालावरून ‘क्लीनेक्स टेस्टिंग’ असे नाव पडले आहे, आणि जाणते चमू नवख्यांची संपूर्ण यादी पहिल्याच फेरीत कधीही संपवत नाहीत.

किती खेळाडू हवेत, हे चाचणीतून कशाचे उत्तर हवे आहे यावर ठरते. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी पाच वापरकर्त्यांत बहुतेक अडचणी दिसून येतात असे मांडले होते. सुरुवातीचे शिकवणीचे टप्पे तपासताना तो आडाखा बऱ्यापैकी चालतो. सर्व्हरवरचा भार, शस्त्रांचा समतोल किंवा खेळातील चलनवाढ तपासताना तो निरुपयोगी ठरतो. इथे संख्येइतकीच दाटीही महत्त्वाची असते. समजा, पाच विरुद्ध पाच असा सामना आहे आणि चारशे खेळाडू निवडले आहेत. ते जगभर विखुरलेले असतील आणि आपापल्या सवडीने येत असतील, तर एका वेळी एका भागात दहा जणही सापडत नाहीत, आणि मग रिकाम्या प्रतीक्षागृहालाच लोक खेळाचा दोष मानतात. त्यामुळे एकाच प्रदेशातील खेळाडू, ठरावीक वेळ आणि शक्य तिथे मित्रांचे अख्खे गट निवडणे श्रेयस्कर असते. लॅग, म्हणजे नेटमुळे खेळात होणारा विलंब, तपासायचा असेल, तर मात्र मुद्दाम दूरचे आणि कमजोर इंटरनेट असलेले खेळाडू घ्यावे लागतात. जुने संगणक आणि स्वस्त फोन वापरणाऱ्यांनाही याच कारणाने जागा द्यावी लागते.

खेळांचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये बहुखेळाडू खेळांतील माणसांचे चार प्रकार सांगितले : यश मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांना त्रास देण्यात आनंद मानणारे. चौथ्या प्रकाराला वगळण्याचा मोह होतो, पण खेळ खुला झाल्यावर ते येणारच असतात; त्यांचे डावपेच आधीच पाहून घेणे शहाणपणाचे असते. मात्र स्वतःचा प्रकार माणूस अर्जात नेमका सांगेलच असे नाही. ‘तुम्हाला हा खेळ का तपासायचा आहे?’ या प्रश्नाला सगळे सारखेच गोड उत्तर देतात. ‘शेवटचा कोणता खेळ सोडलात आणि नेमक्या कोणत्या क्षणी?’ असे विचारले, की निरीक्षण करणारा माणूस लगेच ओळखू येतो. ‘गेम अडकतो’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा ‘अदलाबदल चालू असताना समोरच्याचे नेट तुटले, तर तलवार दोघांकडेही राहते, तीनदा केले, तीनदा झाले’ असे लिहिणारा परीक्षक दुर्मीळ असतो, आणि अशांना फेरीमागून फेरी सांभाळून ठेवले पाहिजे.

बंद चाचणीत निवडलेल्यांकडून सहसा गोपनीयतेचा करार करून घेतला जातो. खुल्या बीटामध्ये, म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या चाचणीत, निवड जवळजवळ संपते आणि येईल त्याला प्रवेश मिळतो. तोपर्यंतच्या फेऱ्यांत मात्र दुसऱ्या दिवशी परत न आलेल्या खेळाडूंकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. टिकून राहिलेल्यांचेच ऐकत गेल्यास खेळ हळूहळू त्यांच्यापुरताच घडत जातो. म्हणून सोडून गेलेल्यांना एक-दोन छोटे प्रश्न पाठवण्याची सोय निवडीच्या वेळीच, त्यांची संमती घेऊन, करून ठेवतात.