मॉनिटर कुणाचा, प्रतिनिधी कुणाचा?

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की हायस्कुलात दोन गोष्टी लागोपाठ होतात. वर्गशिक्षक मॉनिटर ठरवतात आणि शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लागते. दोन्हींची सरमिसळ इतकी होते की पालक सर्रास विचारतात, "बाई, आमची लेक मॉनिटर झाली, म्हणजे ती मंत्रिमंडळात आलीच ना?" नाही आली. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांतला फरक मुलांना कुणी नीट सांगत नाही. मला स्वतःला तो कळायला बरीच वर्षं लागली.

मॉनिटर, म्हणजे काही शाळांमधला वर्गाचा सेक्रेटरी, हा शिक्षकांचा माणूस. खडू-डस्टर आणणं, वह्या गोळा करून स्टाफरूममध्ये पोचवणं, ऑफ तासाला वर्ग शांत ठेवणं. फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' आणि प्रत्येक नावापुढे फुल्या, हे चित्र आपल्यापैकी कुणी विसरलेलं नसेल. इथे निरोप वरून खाली येतो. शिक्षक सांगतात, मॉनिटर वर्गाला सांगतो.

या पदाचा जन्मच तसा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. अँड्र्यू बेल नावाचा पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा बघत होता. गावठी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि आपल्या शाळेतही तसंच शिकवायला सांगितलं. शिक्षकांनी मनावर घेतलं नाही. मग त्याने आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांना शिकवायला बसवलं, आणि ते जमलं. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने याच वाटेने एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुलं शिकवली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, रांगा सांभाळायच्या, हजेरी घ्यायची, आणि त्या मोठ्या मुलांना नाव मिळालं मॉनिटर. मॉनिटर हा पहिल्यापासून शिक्षकाचा वाढवलेला हात आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. साठ मुलांच्या वर्गात तो हात लागतोच.

मंत्रिमंडळाचं उलटं. मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री, पोषण आहार मंत्री, ग्रंथालय मंत्री. मुलं अर्ज भरतात, चिन्हं घेतात, वर्गावर्गांत जाऊन प्रचार करतात. बोटाला शाई लागते, हल्ली मोबाइलवरच्या मतदान यंत्रावर बटण दाबलं जातं, आणि परिपाठात शपथविधी होतो. राज्यातल्या महाविद्यालयांत खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात थांबल्या. त्यामुळे पुढे कित्येकांना अठरा वर्षांचे होईपर्यंत दुसरं मतदान वाट्याला येत नाही, म्हणून मला ही शाई फार मोलाची वाटते. पण शाई म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. प्रतिनिधीचं काम खालून वर जाणारं. वर्गाचं म्हणणं मुख्याध्यापकांपर्यंत न्यायचं, आणि मिळालेलं उत्तर वर्गात परत आणायचं. उत्तर 'नाही' असलं तरी आणायचं. निम्म्या शाळांमध्ये हा परतीचा फेराच होत नाही.

माझी चूक सांगते. एका वर्षी आठवीच्या वर्गात लोकशाही रुजवायची म्हणून मी मॉनिटरच मतदानाने निवडला. सगळ्यांचा लाडका मुलगा निवडून आला. मुलांनी मतं दिली ती 'हा आपली नावं लिहिणार नाही' या भरवशावर, आणि मी त्याच्याकडून नेमकं तेच काम मागत होते. नावं लिहिली तर मतं देणारे रुसत, नाही लिहिली तर मी रागवे. दुसऱ्या महिन्यात तो मधल्या सुट्टीत एकटाच डबा खाताना दिसला. "बाई, मला काढा यातून," एवढंच म्हणाला. एका पोराच्या खांद्यावर मी दोन धन्यांचं ओझं दिलं होतं.

उलट चूकही तितकीच होते. मंत्री मुलांनी निवडायचा सोडून शिक्षकच पहिल्या तीन नंबरांतून नेमतात आणि त्याला रांगा लावायला उभं करतात. असा पोषण आहार मंत्री खिचडी कच्ची राहिल्याचं कधीच सांगायला येत नाही, कारण आपण कुणाच्या वतीने बोलायचं हेच त्याला माहीत नसतं.

खरा प्रतिनिधी मी पाहिला तो नववीतल्या एका मुलीत. आरोग्यमंत्री झाली होती. वहीचं फाडलेलं पान घेऊन मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिली. पानावर तीन ओळी होत्या. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तीन दारांपैकी दोन दारांना आतून कडी नाही. मैत्रिणीला बाहेर उभं करावं लागतं. म्हणून आम्ही शाळेत पाणी पीत नाही. आम्ही सगळ्या शिक्षिका रोज त्याच व्हरांड्यातून जात होतो आणि आमच्यातल्या एकीलाही हे माहीत नव्हतं. त्याच शनिवारी सुतार आला. तिने वर्गावर्गांत जाऊन कड्या बसल्याचं सांगितलं, आणि मुलींनी मागितलेला नवा आरसा यंदा होणार नाही, हेही सांगितलं.

मुलांचं मत विचारात घेणं ही मेहेरबानी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं बारावं कलम तेच सांगतं, आणि भारताने ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली आहे. पण मला त्याहून जवळचं वाटतं ते कर्मवीर भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं वसतिगृह. १९२४ साली सुरू झालेल्या त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः रांधत, राबत. आपल्या हाताने चालवलेली जागा आपली वाटते. शाळेचा अभिमान घोषणा देऊन आणि टी-शर्ट वाटून आणता येतो असं आजकाल मानतात, ते मला पटत नाही.

आता मी मॉनिटर निवडून घेत नाही. हजेरी क्रमांकाने दर महिन्याला बदलते, म्हणजे कायमचा वैरी कुणी होत नाही आणि शेवटच्या बाकावरच्यालाही स्टाफरूमचं दार कळतं. मंत्री मात्र मुलांनीच निवडायचे, आणि त्यांची एक वही ठेवायची. डावीकडे मागणी, उजवीकडे उत्तर आणि तारीख.

गेल्या मार्चमध्ये दहावीच्या मुलींनी ती वही परत केली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'मैदानाकडची टाकी उन्हात आहे. दुपारी पाणी गरम येतं. आमच्याच्याने झालं नाही. पुढच्यांनी बघा.'