एमआरआयचं संशोधन फक्त डॉक्टरांचं?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत पोरगी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली की ऐकवतात, "एमआरआयवर संशोधन? त्याले एमबीबीएस लागते." हे खरं नाही. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय ताकदीचं एकक) चुंबकात सुमारे ६४ मेगाहर्ट्झची रेडिओलहर द्यायची आणि परत येणारा संकेत टिपून शरीराच्या आतलं चित्र बनवायचं, हे मुळात भौतिकशास्त्र. २००३चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याचसाठी मिळालं ते रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर आणि भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफील्ड यांना. मॅन्सफील्डनी तर १५व्या वर्षी शाळा सोडली होती!

आणि या संशोधनाच्या वाटेवर पीएचडीनंतर येणारं पोस्टडॉक ही आणखी एक पदवी नव्हे. ते पगार किंवा फेलोशिप मिळणारं, ठरावीक मुदतीचं काम आहे. त्याच्या फीसाठी बापाला कापूस विकावा लागत नाही. मुदत संपल्यावर पुढची जागा शोधावी लागते, हे मात्र घरी आधीच सांगा.