हात लागला की हात सुटला? ‘टच-मूव्ह’ नियमाची पार्श्वभूमी

बुद्धिबळात ‘टच-मूव्ह’ या एका नावाखाली दोन नियम नांदतात. पहिला हात लागण्याचा: आपल्या पाळीला ज्या मोहऱ्याला हात लावला ते हलवायचे, प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्याला लावला तर ते मारायचे. दुसरा हात सुटण्याचा: मोहरे एखाद्या घरात ठेवून बोटे सुटली की ती चाल झाली, मग ते दुसऱ्या घरात नेता येत नाही. बोलताना दोन्ही एकाच पोत्यात टाकले जातात. पण सर्वांत गाजलेल्या वादात पहिला नियम मोडलाच नव्हता, मोडला होता तो दुसरा.

नियम जुना आहे. मध्ययुगीन युरोपात पैसे लावून बुद्धिबळ खेळत, त्यामुळे परत घेतलेली चाल म्हणजे खिशाला भोक. १४९७ साली स्पेनमध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात तो लिखित स्वरूपात सापडतो. पुढे एकेकाळी बेकायदेशीर चालीबद्दल राजाच हलवायला लावण्याची शिक्षाही होती. पॅरिसमध्ये १९२४ साली जागतिक बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला आणि वेगवेगळ्या देशांच्या नियमावल्या हळूहळू एका साच्यात आल्या. इथवरचा इतिहास एवढाच पुरे, कारण खरी गुंतागुंत नंतरची आहे.

आधी ‘जादूब’ या शब्दाचा घोळ. हा फ्रेंच शब्दप्रयोग, अर्थ ‘मी नीट ठेवतो’. याच क्रियापदाने फ्रेंचमध्ये सरदारकीची दीक्षा देणेही सांगतात, पण पटावर त्याचा उपयोग तिरके बसलेले मोहरे घराच्या मध्ये सरकवण्यापुरता. त्याला दोन अटी आहेत आणि दोन्ही लोक विसरतात. एक, पाळी आपली असली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ चालू असताना मोहरी नीट लावत बसता येत नाही. दोन, शब्द आधी, हात नंतर. ‘जादूब’च म्हणायला हवे असे नाही, ‘अ‍ॅडजस्ट’ म्हटले तरी चालते. पण मोहरे उचलल्यावर, धोका दिसल्यावर उच्चारलेला शब्द कामाचा नाही. बाही लागून प्यादे पडले तर तो उघड अपघात, त्याला चालीचे बंधन नाही. उघड अपघात नसलेला प्रत्येक स्पर्श मात्र चालीच्या हेतूने केला असे नियम गृहीत धरतो.

१९६७ साली ट्युनिशियातील सूसच्या आंतरविभागीय (जगज्जेतेपदासाठीच्या पात्रता) स्पर्धेत एका युगोस्लाव ग्रँडमास्टरने हरणारी चाल केली, मग ‘जादूब’ म्हणत ती मागे घेऊन दुसरी खेळली. प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली, तरी बदललेली चाल कायम राहिली. त्या खेळाडूच्या आडनावाला हा शब्द जोडून तयार झालेले टोपणनाव त्याला जन्मभर चिकटले. याच्या नेमके उलटे ब्युनोस आयर्समध्ये १९६० साली घडले होते. सतरा वर्षांच्या अमेरिकन खेळाडूचा हात बाराव्या चालीला एच-प्याद्याला, म्हणजे पटाच्या ‘एच’ या उभ्या रांगेतल्या प्याद्याला, लागला. ते हलवणे वाईट आहे हे लक्षात येऊनही त्याने निमूटपणे ते एच५ (एच रांगेतले पाचवे घर) वर खेळले आणि बावीस चालींत डाव हरला. हे उदाहरण मात्र फारसे कोणी काढत नाही.

आता लिनारेस, १९९४. स्पेनमधील त्या वर्षीच्या सर्वांत तगड्या स्पर्धेत जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता, समोर हंगेरीची सतरा वर्षांची ग्रँडमास्टर. छत्तिसाव्या चालीला त्याने डी७वरचा घोडा सी५वर ठेवला, हात सुटला, आणि लगेच लक्षात आले की पांढऱ्याचा उंट सी६वर आला की उंटाच्या बदल्यात हत्ती जाणार. त्याने घोडा पुन्हा उचलून एफ८वर नेला. पुढे डाव जिंकला.

हात लागण्याच्या नियमाने पाहिले तर काहीच चुकले नव्हते. घोड्याला हात लावला होता आणि घोडाच हलला. सगळा प्रश्न बोटे सी५वर सुटली होती का, एवढाच. स्पॅनिश दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने ते टिपले होते: चित्रणाच्या सहा चौकटींमध्ये (फ्रेममध्ये) घोडा सी५वर एकटा, बोटे दूर. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर पाव सेकंद. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असा बचाव तेव्हा झाला, आजही होतो. नियमात मात्र किती वेळ सुटली याला जागाच नाही. सुटली की सुटली.

हंगेरीच्या खेळाडूने पंचांकडे प्रश्नार्थक पाहिले, पण तोंडी तक्रार केली नाही. का केली नाही, याची तिने नंतर दिलेली कारणे व्यवहारी होती. एवढ्या मोठ्या स्पर्धेचे पहिलेच निमंत्रण, समोर जगज्जेता, दोघांच्याही घड्याळात वेळ कमी, आणि तक्रार फेटाळली गेली तर वेळेचा दंड बसण्याची भीती. चित्रफीत हाती आल्यावरही निकाल बदलला नाही. टीकेचा सारा रोख चाल बदलणाऱ्यावर राहिला. आमच्या मते त्यातला मोठा वाटा पंचांच्या खुर्चीकडे जायला हवा होता. नियमभंग पाहणाऱ्या पंचाने तक्रारीची वाट पाहायची नसते.

आजच्या नियमावलीत तक्रारीला मुदत आहे, आणि ती फार छोटी. स्पर्शाच्या किंवा हात सुटण्याच्या नियमभंगाबद्दल हरकत घ्यायची तर स्वतः एखाद्या मोहऱ्याला चालीच्या हेतूने हात लावण्यापूर्वी. आपण उत्तराची चाल खेळायला हात पुढे केला की हक्क संपला. म्हणून क्रम ठरलेला हवा: हात मागे, घड्याळ थांबवायचे, पंचांना बोलवायचे, काय झाले ते सांगायचे. बरेच जण आधी चाल खेळतात आणि डाव हरल्यावर तक्रार घेऊन जातात.

२००३ साली तुर्कस्तानात सिलिव्रीला झालेल्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत हक्क असाच हातचा गेला. तिथल्या एका डावात काळ्याला आधी हत्तींची मारामारी (एकमेकांचे हत्ती मारणे) करून मग उंट हलवायचा होता. त्याने उलट केले, उंट आधी हलवला. मग ‘आधी मारामारी, अर्थातच’ अशा अर्थाचे काही म्हणत उंट परत ठेवला, हत्ती मारला. समोरचा गोंधळला, गप्प राहिला, खेळत राहिला आणि हरला. चाल बदलणारा युरोपचा विजेता ठरला, गप्प राहणारा दुसरा. समोरच्याने मूक संमती दिली म्हणून चाल परत घेता येते, असे कलम नियमावलीत नाही.

मॉस्कोत २०१६च्या कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेत मात्र पंचांनी ठाम भूमिका घेतली. राजे, हत्ती आणि प्यादीच उरलेल्या शेवटच्या टप्प्यात चौऱ्याहत्तराव्या चालीला अमेरिकन खेळाडूने राजाला हात लावला आणि मग नीट ठेवत असल्याचे सांगितले. आर्मेनियाच्या प्रतिस्पर्ध्याने तिथल्या तिथे हरकत घेतली. राजा हलवावा लागला, डाव गेला.

किल्लेकोटात म्हणजे कॅसलिंगमध्ये (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवताना) चुका सर्वाधिक साध्या असतात. राजा आधी, हत्ती नंतर, आणि एकाच हाताने. आधी हत्तीला जाणूनबुजून हात लावला तर त्या बाजूचा किल्लेकोट बंद, हत्तीच हलवायचा. दोन्ही हातांनी किल्लेकोट करून घड्याळ दाबले तर ती बेकायदेशीर चाल धरतात, आणि नेहमीच्या वेळेच्या डावात पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. आपला घोडा आणि समोरचा हत्ती दोन्हींना हात लागला तर घोड्याने हत्ती मारायचा. ते शक्य नसेल तर आधी स्पर्श झालेले जे मोहरे हलवता किंवा मारता येते ते, आणि आधी कोणते हे कळत नसेल तर आपले आधी धरायचे. प्यादे शेवटच्या घरात पोहोचताना मात्र सवलत आहे: पटाबाहेरचा वजीर हातात घेतला तरी तो बढतीच्या घराला टेकेपर्यंत मन बदलून घोडा घेता येतो.

आता मोठ्या स्पर्धांत पट स्वतःच चाली नोंदवतो. घोडा सी५वर बसला हे त्याला कळते. त्या क्षणी बोटे घोड्यावर होती की नव्हती, हे कळत नाही.